परत न येणारी कनेक्शन्स

माणसाने कोणावरही विश्वास ठेवू नये, घरच्यांवर तर मुळीच नाही, असं माझं या आठवड्यात ठाम मत झालं होतं.

आमच्या कंपनीचं काम दवाखान्यांच्या वेळा नोंदवण्याचं. सर्व्हरकडे डेटाबेसची वीस कनेक्शन्स राखून ठेवलेली. लागलं की एक घ्यायचं, काम झालं की परत ठेवायचं. पण कोणीतरी परत ठेवतच नव्हतं! दुपार झाली की सगळं ठप्प, आणि पेशंटांच्या शिव्या खायला मी.

माझा संशय जावईबापूंवर, म्हणजे धाकट्या बहिणीच्या नवऱ्यावर. बरेच महिने घरी बसून होता, मीच साहेबांकडे शब्द टाकून त्याला चिकटवलं. आणि आता काम अडलं की हा गुपचूप जिना चढून जायचा.

"काही नाही ताई, पाय मोकळे करतो."

पाय मोकळे करायला वर? वर तर फक्त साहेबांची केबिन! माझ्याविरुद्ध कान भरतोय मेला, दुसरं काय.

आज सकाळीही अडलं. बघते तर यानं राखीव कनेक्शन्स परस्पर वीसवरून पाचवर आणलेली. माझं डोकंच फिरलं. तडक वर गेले. साहेब भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नोंदणीचे आकडे पळताना बघत होते, ती त्यांची हौस. धाकटीचं घर आता कुठे सावरतंय, हे मनात आलं होतं. तरी मी नाव सांगून मोकळी झाले. साहेबांनी लगेच फोन उचलला. "उद्यापासून कशाला, आत्ताच काढा त्याला, सगळं बंद करा त्याचं," म्हणाले.

खाली आले, तर हा खुशीत.

"ताई, चोर सापडला! साहेबांचा पडदा. कनेक्शन घेतो आणि सोडतच नाही. वर जाऊन तेच बघून यायचो मी. वीस अडायला दुपार व्हायची, म्हणून मुद्दाम पाच ठेवली. सकाळीच उघडा पडला! पुराव्याशिवाय साहेबांचं नाव कसं घेणार, म्हणून गप्प होतो."

मी त्याच्या स्क्रीनकडे पाहिलं. पाचही त्या पडद्यानेच धरून ठेवलेली.

"मी एकटा गेलो तर झापतील. तुम्ही चला, तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत."

त्याने जिन्याच्या दाराला आपलं ऑफिसचं कार्ड लावलं. लाल दिवा. शर्टाला पुसून पुन्हा लावलं. पुन्हा लाल.

"यालाही आत्ताच अडायचं होतं," तो हसला. "ताई, तुमचं लावा बघू."