दुसऱ्याच्या आगरातले मीठ

संजनाच्या थोरल्याचे बारसे झाले ते साल दोन हजार बावीस. जेवणावळीची केळीची पाने अजून परसात पडलेली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आगरवाड्याच्या घरात, तिच्या बापाच्या, सगुणच्या ओसरीवर, दोन्ही घरांची बैठक बसली. बाळाच्या नावावरून आदल्या दिवशी जेवढी चर्चा झाली नव्हती तेवढी आज संजनाच्या नोकरीवरून चालली होती.

कारापूरचे व्याही शिवदास खुर्चीत बसले होते. त्यांचा जन्म खाणीच्या ऑफिसात गेला. खाण बंद पडली, पण आवाज अजून यंत्रांवरून ओरडायचाच राहिला होता. शेजारी त्यांची बायको सुविधा, शाळेत मास्तरीण. जावई रुद्रेश हाडांचा डॉक्टर. तो कठड्यावर बसून फोनवर बोटे फिरवीत होता. संजना बाळाला मांडीवर घेऊन दारात टेकली होती. सगुण खाली, खांबाला पाठ लावून. त्याच्या ओसरीवर दोनच खुर्च्या होत्या आणि त्या पाहुण्यांना दिल्या होत्या.

संजना भूल देणारी डॉक्टर झाली होती. मोठी परीक्षा पास झाली तेव्हा पोटात सातवा महिना होता. आता तिच्यापुढे तीन वाटा होत्या. तालुक्यातले सरकारी आरोग्य केंद्र, सकाळी जायचे आणि दुपारी परत, रविवार सुटीचा. पण तिथे ऑपरेशने होत नसत. भूल द्यायला शिकलेल्या माणसाने तापाच्या गोळ्या लिहून द्यायच्या. दुसरी बांबोळीची, मोठ्या इस्पितळातली; नाव होते, पण रात्रपाळ्या होत्या. तिसरी म्हापशाजवळच्या एका खाजगी इस्पितळातली. रुद्रेश तिथे आधीच लागला होता. तिथे पगार बरा, पण बाळंतीण अडली की फोन येणार आणि फोन आला की हातातले काम टाकून धावायचे.

शिवदासांनी तिन्ही वाटा उलटसुलट करून सांगितल्या, जणू त्या सुनेला ठाऊकच नव्हत्या. मग ते मूळ मुद्द्यावर आले. रस्त्याला लागून त्यांचा एक तुकडा होता. पाच वर्षांत त्यावर दोघांचे स्वतःचे हॉस्पिटल उभे राहायला हवे. ते आरोग्य केंद्रात बसून होत नाही.

संजनालाही तेच हवे होते, पण वेगळ्या कारणाने. ती म्हणाली की हात आता कुठे बसला आहे. दोन वर्षे गोळ्या वाटत राहिले तर घशात नळी घालताना हात थरथरेल, आणि आपला हात थरथरला तर समोरचे माणूस मरते. हे तिने बापाकडे बघून सांगितले. सगुणने मान हलवली.

मग मुलाला कोण बघणार हा प्रश्न निघाला. सुविधाची शाळा अजून अडीच वर्षे होती. पाळणाघराचे नाव रुद्रेशने काढले, तर शिवदासांनी ते वरच्या वर तोडले. परक्या बाईच्या हातात आमच्या घराण्याचे मूल नको, असे ते म्हणाले. मग सगळ्यांचे डोळे हळूहळू स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले.

संजनाची आई सुमंगला उंडे पाव आणि पातळभाजी घेऊन बाहेर येत होती. तिने ते डोळे पाहिले. ताटल्या खाली ठेवल्या, हात पदराला पुसले आणि म्हणाली,

"माका मीठ आसा."

शिवदास हसले. "विहीणबाई, मीठ दुकानात मिळतं. आजी मिळते काय दुकानात?"

सगळे हसले. बोलणे गोडच होते, त्यात कुणाला काही लागेल असे नव्हते. सगुणही हसला. एकटी संजना खाली बाळाकडे बघत राहिली.

मीठ आहे म्हणजे काय, ते त्या ओसरीवर फक्त तिघांना ठाऊक होते. गावाच्या खालच्या अंगाला, खाडीला लागून, सगुणचे मिठाचे आगर होते. आजोबापासूनचे. दिवाळी झाली की पावसाचे पाणी काढायचे, बांध चिखलाने लिंपायचे, तळ पायांनी तुडवून तुडवून परातीसारखा सपाट करायचा. मग बांधातल्या दाराची फळी उचलून भरतीचे खारे पाणी आत घ्यायचे आणि उन्हाच्या हवाली करायचे. मीठ धरले की सगुण लांब दांड्याच्या फळीने ते ओढी आणि सुमंगला टोपली डोकीवर घेऊन बांधावर ढीग घाली. हे काम एकाचे नव्हे. ओढणारा वाहत बसला तर मागे पाण्यात मीठ विरघळते, आणि वाहणारी ओढू लागली तर बांधाकडे कोण बघणार? शेजारच्या गुरुदासाचे दोन भाऊ होते. सगुणला सुमंगला होती. लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिचा एकही हंगाम चुकला नव्हता. संजना पोटात होती त्या वर्षीही नाही.

पाहुणे गेल्यावर संजना चुलीपाशी येऊन बसली. "आये, एकच वर्स. विराज चलाक लागलो की मी दुसरा कायतरी बघतंय."

सुमंगलेने सगुणकडे पाहिले. त्याने नाही म्हटले असते तर तिला नाही म्हणता आले असते. तो म्हणाला, "जा गो. माका जमता. गडी ठेवतंय."

जानेवारी लागताच सुमंगला पर्वरीला मुलीच्या फ्लॅटवर गेली.

फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. घरात सगळे होते आणि कुणी नसे. संजनाची पाळी सकाळची असली तरी दुपारी येईल असे नव्हते, आणि दुपारी आली तरी जेवायला बसेल असे नव्हते. घास तोंडाशी नेला आणि फोन वाजला की ती तो घास ताटात ठेवून उठे. तिच्यावर रागावण्यासारखे त्यात काही नव्हते. कुठेतरी एक बाई टेबलावर आडवी पडलेली असे. सुमंगला मनातल्या मनात त्या बाईला सुखरूप सुटू दे म्हणे आणि ताट झाकून ठेवी. रुद्रेश आला की तो झोपे. तो उठला की संजना निजलेली असे. नवराबायकोची गाठ जिन्यात पडे. रविवारी सुविधा नातवाला बघायला येई आणि जाताना न चुकता म्हणे, "तुमचं बरं आहे, नातू रोज मांडीवर. आम्हांला रविवारची भीक."

संध्याकाळी सगुणचा फोन येई. सुमंगला गडी आला काय विचारी. आला, असे तो सांगे. मीठ धरले काय विचारी.

"धरला. बरा पडता."

फोनवर सगुण पूर्वीपासूनच कमी बोले, म्हणून तिला संशय आला नाही.

फेब्रुवारीत त्याने म्हापशाच्या बसवाल्याबरोबर मिठाची पिशवी पाठवली. संजनाने ती खालून आणून ओट्यावर ठेवली आणि बाबांनी आगरातले मीठ पाठवले म्हणून कौतुकाने रुद्रेशला दाखवले. रुद्रेशने चिमूटभर जिभेवर ठेवून छान म्हटले. ती दोघे ड्युटीवर गेल्यावर सुमंगलेने पिशवीत हात घातला आणि तो हात तसाच राहिला.

त्यांच्या आगराचा तळ काळ्या चिखलाचा. त्यांचे मीठ राखी रंगाचे, दाणा जाड, मुठीत घेतले तर टोचणारे. पिशवीतले मीठ पांढरे होते, बारीक होते. ते गुरुदासाच्या आगरातले होते. तीस वर्षे शेजारच्या बांधावर बघितलेले मीठ तिला ओळखू येणार नव्हते काय?

विराज रडत होता. तिने त्याला उचलून घेतले आणि खिडकीशी उभी राहिली. आपले मीठ असते तर सगुणने दुसऱ्याचे का पाठवले असते?

संध्याकाळी फोन आला.

"मीठ पावला?" सगुणने विचारले.

"पावला."

"बरा आसा मा?"

"बरा आसा," ती म्हणाली.

त्या दिवशी तिने मुलीजवळ दोन दिवस मागितले. संजनाने फोनमध्ये बघितले. तिच्याबरोबरची भूल देणारी डॉक्टर रजेवर होती, आणि रुद्रेश परिषदेला पुण्याला जायचा होता. शनिवारी जा, असे ठरले. शनिवारी एक जुळ्यांची बाळंतीण आली. पुढच्या आठवड्यात म्हणता म्हणता शिमगा लागला, तेव्हा सुमंगला गावी गेली.

घरी पिशवी ठेवून ती तशीच खाली गेली. आगर पाण्याखाली होते. बांधाला बैल जाईल एवढे भगदाड पडले होते आणि त्यातून भरती आपल्या घरात यावी तशी आत येत होती. तळ दिसतच नव्हता. पलीकडे गुरुदास आणि त्याचे भाऊ मीठ ओढत होते. तिला बघून त्यांनी कामात मान घातली.

सगुण मागून येऊन उभा राहिला.

"कधी फुटलो?"

"पौषातल्या अवशेक. गडी आठ दिवस रवलो, मगे हॉटेलात कामाक गेलो. कुर्ल्येन बांधाक भोंक पाडल्यान, माका दिसला नाय. मोठी भरती इली."

"तुमी सांगलास नाय."

"सांगान तू काय करतलंस? इलंस असतंस? मगे तिची नोकरी?"

तिने विचारले, "आणि ता मीठ?"

"गुरुदासाचा."

"माका कळला."

"तुका कळतला ता माका ठावक होता."

"मगे धाडलास कित्याक?"

सगुण पाण्याकडे बघत म्हणाला, "आगर आसा म्हणान सांगतंव. चेडवाच्या घराक मीठ धाडूक नको? व्याही काय म्हणतले?"

ती पर्वरीला परतली. संजनाला तिने बांध फुटल्याचे सांगितले. संजनाचे डोळे भरले. लहानपणी त्याच बांधावर छत्री रोवून ती अभ्यासाला बसायची. पुढल्या हंगामाला आपण बाई बघू आणि तुला मोकळी करू, असे ती म्हणाली, आणि म्हणताना ते तिला खरेच वाटत होते. पण पुढल्या हंगामाला तिला इस्पितळात वरची जागा मिळाली. वरच्या जागेला फोन जास्त. एका वर्षाची दोन वर्षे झाली. आगर एक हंगाम सोडले तर ते रुसते, दोन सोडले तर ते खाडीचे होते.

दोन हजार चोवीसच्या पावसात पुन्हा बैठक झाली. ती कारापूरला. सुमंगलेला कुणी बोलावले नव्हते. ती पर्वरीला विराजला भरवीत होती आणि शेजारी बसलेल्या संजनाच्या फोनमधून सगळ्यांचे आवाज येत होते. रुद्रेशला बंगळूरच्या मोठ्या हॉस्पिटलातून बोलावणे आले होते, संजनालाही तिथेच घेणार होते. पाळ्या ठरलेल्या, अवेळी फोन नाही. शिवदास पहिल्यांदा चिडले. मग रस्त्याकाठचा तुकडा कुठे पळून जात नाही, असे तेच म्हणाले. नातवाचे कसे, हेही त्यांनीच विचारले.

रुद्रेश म्हणाला, "हॉस्पिटलातच पाळणाघर आहे, बाबा. एकदम चांगलं. आईंनाही आता त्रास नको."

शिवदासांनी ठीक म्हटले. घराण्याचे नाव या वेळी निघाले नाही.

सुमंगलेने नातवाचे तोंड पुसले. पर्वरीच्या त्याच इमारतीत, तळमजल्यावर, एक पाळणाघर होते. त्याच्या भिंतीवर ससे काढलेले होते. दीड वर्ष ती विराजला घेऊन त्याच्यासमोरून खाली-वर करीत होती.

निघायच्या दिवशी संजना तिच्या गळ्यात पडली. "आये, तू नसतंस तर माझा कायच झाला नसता." ते खरे होते. सुमंगलेने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि वाटेत खायला दिलेले लाडू कुठल्या बॅगेत आहेत ते सांगितले.

ती घरी आली तेव्हा आगरात खारफुटीची रोपे गुडघ्याएवढी झाली होती. गुरुदासाने सल्ला दिला की आता ते कोळंबीवाल्यांना देऊन टाकावे, या वयात बांध घालणे जमायचे नाही. सगुणने ऐकून घेतले. दिवाळी झाल्यावर एके सकाळी तो फावडे घेऊन खाली उतरला. सुमंगला त्याच्यामागून टोपली घेऊन गेली. ओहोटी असेल तेवढाच वेळ मिळे. तो चिखल कापी, ती वाही. रोज थोडा बांध वर येई आणि त्यातला थोडा भरती घेऊन जाई. सगुणला मधूनमधून खाली बसावे लागे. श्वास पुरा झाला की तो पुन्हा उठे. संजनाला यातले काही सांगायचे नाही, असे त्याने बायकोला बजावले होते.

जानेवारीत असेच दोघे चिखलात असताना फोन वाजला. संजनाला पुन्हा दिवस गेले होते. ऑगस्टमध्ये बाळंतपण. तिकडचे पाळणाघर सहा महिन्यांच्या आतले मूल घेत नाही, आणि रजा फार लांबवली तर हातची जागा जाईल. दोघांनी सगळ्या बाजूंनी विचार केला होता.

"आये, जूनात येशीत?"

"बघूया," सुमंगला म्हणाली.

फोन बंद झाल्यावर सगुणने काय म्हणून विचारले. तिने सांगितले. तो फावड्याला टेकून उभा राहिला. बांध निम्म्याच्याही वर आला नव्हता.

"तू गेलंस तर ह्या कोण वाहतला?" त्याने विचारले. हा प्रश्न त्याने पहिल्यांदाच विचारला. मग तिच्या उत्तराची वाट न पाहता त्याने फावडे चिखलात घातले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुमंगला विमानात बसून बंगळूरला गेली. या वेळी तिला माका मीठ आसा म्हणता आले नाही, आणि जा गो म्हणायलाही घरात कुणी नव्हते. सगुण त्याच वर्षी, दोन हजार पंचवीसच्या मार्चमध्ये, होळीच्या आधी आठ दिवस वारला होता.