होकाराची पट्टी

आमच्या घरात एक नियम कुणी न सांगता पाळला जायचा. यांची सकाळची सिगरेट होईपर्यंत यांना काहीही विचारायचं नाही. हे म्हणजे माझे यजमान, शालिकराम. अमरावतीच्या बाहेर आमचा झेंडू-शेवंतीचा मळा आहे. पहाटे फुलं बाजारात टाकून हे घरी येतात तेव्हा तोंड असं असतं, की कुत्रंसुद्धा वाट सोडून बसतं. मग शेवग्याच्या झाडाखाली सिगरेट पेटायची. धूर नाकातून बाहेर पडला की कपाळावरच्या आठ्या उतरायच्या आणि आम्ही एकेक करून पुढे सरकायचो. कुणाला माहेरी जायचं असे, कुणाला नवा मोबाइल हवा असे.

एकदा माझे दीर, पिंटूभाऊजी, घाई करून सिगरेटीच्या आधीच मोटरसायकलचं बोलले. हे नाही म्हणाले. यांचं नाही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. भाऊजी अजून सायकलवर फिरतात.

तर अशा माणसाची सिगरेट डॉक्टरांनी बंद केली. खोकल्यानं घर डोक्यावर घेतलं होतं, म्हणून मीच ओढत नेलं होतं दवाखान्यात. डॉक्टरांनी निकोटिनच्या पट्ट्या दिल्या आणि मला समजावून सांगितलं. रक्तातलं निकोटिन कमी झालं की माणूस चिडतो, ओढलं की शांत होतो, आणि त्याला वाटतं सिगरेटीनं मन खुलवलं. पट्टी लावली की ते हळूहळू अंगात जात राहतं. मी त्यातून एवढंच घेतलं, की आता यांचा होकार सिगरेटीत नसून पट्टीत आहे.

गरज तशीच होती. आमच्या रागिणीचा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात एमएस्सीला नंबर लागला होता. अकोल्याला जायचं म्हणजे वसतिगृहात राहायचं, आणि बापाच्या होकाराशिवाय ते होणार नव्हतं. पोरगी रोज विचारायला निघायची आणि मी रोज तिला मागे ओढायची. पट्टी लावल्यापासून हे दिवसेंदिवस गोड होत चालले होते. बाजारातून गुणगुणत यायचे. आज इतके बरे आहेत, तर उद्या आणखी बरे होतील, असा माझा लोभ. असं करता करता प्रवेश पक्का करायचा शेवटचा दिवस उजाडला.

त्या दिवशीही पहाटे मी यांच्या पाठीवर पट्टी चिकटवली. पाठीवर लावायची म्हणजे ते काम माझ्याकडेच. पहाटे चष्मा कोण शोधतो? पाकीट फोडायचं आणि थापायची. पट्टीला कापराचा भपकारा यायचा. औषध जोरदार दिसतंय, असं मला वाटायचं. हेही म्हणायचे, गरम गरम लागते, भिनून राहिली.

हे बाजारातून आले. रागिणी पदर नसताना पदर सावरल्यासारखी ओढणी सावरत शेवग्याखाली निघाली. तेवढ्यात माझ्या सासूबाई, पार्वताबाई, अंगणात मटकन खाली बसल्या. उचकी थांबेना, मळमळ होऊ लागली, छाती धडधडते म्हणाल्या. तशा त्या आठवडाभर विचित्रच वागत होत्या. अंधारातच अंगण झाडायच्या, हारांचा ढीग एकटीनं ओवायच्या, झोप नाही की थकवा नाही. म्हातारीला नजर लागेल म्हणून मी बोलले नव्हते.

पाय चोळायला रागिणीनं त्यांचं लुगडं जरा वर सारलं. दोन्ही गुडघ्यांवर यांच्या पट्ट्या.

गुडघे दुखत होते आणि कपाटात प्लास्टर दिसलं, एवढाच सासूबाईंचा हिशोब. पण बाई इमानदार. शेजारची वाटीसुद्धा आमच्याकडे कधी रिकामी परत जात नाही. पट्टी घेतलेलं पाकीट त्या रिकामं कसं ठेवतील? आपलं दुखण्यावरचं कापराचं प्लास्टर त्याच मापाचं कापून त्यांनी प्रत्येक पाकिटात घातलं आणि पाकीट पुन्हा डिंकानं चिकटवलं.

डॉक्टरांना फोन केला. पट्ट्या काढा, गुडघे धुवा, निजवून ठेवा, जास्त वाटलं तर लगेच आणा, असं ते म्हणाले. सासूबाई खाटेवर पडल्या, थोड्या वेळानं चहा मागू लागल्या, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

पण इकडे घोटाळा झाला होता. यांनी पाठीमागे हात नेऊन प्लास्टर ओढून काढलं, हुंगलं, आणि आठवडाभर अंगात निकोटिनचा थेंबही गेला नाही हे यांना कळलं. तोवर माणूस छान होता. कळल्यावर लगेच कपाळावर आठ्या चढल्या. आधी चपलेवर ओरडले, मग पाण्याच्या मोटरवर, मग शेवग्यावर. रागिणी स्वयंपाकघरात जाऊन रडायला लागली.

मग मी काय केलं? जिनं सिगरेट सोडवायला नवऱ्याला दवाखान्यात ओढत नेलं, तीच मी तोंडावर पदर घेऊन पानठेल्यावर गेले आणि सिगरेट आणली. यांच्यापुढे धरली.

"हे काय?"

"ओढा. पोरीले तुमाले काही विचारायचं हाय."

यांनी सिगरेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता घर उडतं. पण हे हळू आवाजात बोलले.

"मले विचारायचं हाय का सिगरेटले? लगन झालं तवापासून पाहून राहिलो. मी ओढत बसलो का समदे येतात. एरवी कोणी जवळ बसत नाही माह्या."

"मंग पिंटूभाऊजीले नाही काहून म्हणले होते?"

"त्याले सायकल धड चालवता येत नाही. गाडी देऊन हाडं मोडू काय त्याचे?"

मला खरंच लाज वाटली. इतकी वर्षं मी या माणसाचा धूर पाहत आले होते, त्याला कारण कधी विचारलंच नव्हतं. रागिणी दारात येऊन उभी होती. डोळे पुसून ती सरळ बापासमोर आली. यांच्या आठ्या जागच्या जागी होत्या, तोंड बाजारातून येतं तसंच होतं.

"बाबा, अकोल्याले शिकाले जाऊ?"

"जा," हे खेकसले. "आन मले आठवड्यातून एकदा फोन करत जाय. सकाळीच करजो, तोंड कसंबी असो."

पोरगी बापाच्या गळ्यात पडली. हे तसेच खेकसत राहिले, पण हात तिच्या डोक्यावर होता. माझ्या हातात सिगरेट राहिली होती, ती कुठे टाकावी कळेना.

तेवढ्यात खाटेवरून उचकी आली, आणि मागून सासूबाईंचा हात पुढे झाला.

"शकुन, फेकू नको वं. त्या पट्टीनं माहे गुडघे आठवडाभर दुखले नाही."