पहिल्या रांगेतली राखीव खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, पालिकेच्या नाट्यगृहातली. पहिल्या रांगेत, अगदी मधोमध माझी जागा. मित्रांनो, कुणी माझ्यावरची धूळ झटकली की मला आनंद होत नाही, शंका येते. आज कोण येणार असेल?

छावणीतल्या एका सुताराच्या दुकानात मी घडले. सागवानी पाय, लाल मखमल. नाट्यगृह नवं होतं तेव्हा लोक मला हात लावून बघायचे आणि मीही फुलून जायचे. मग माझ्यासकट सगळ्या पहिल्या रांगेच्या पाठीवर पांढरं कापड चढलं. त्यावर लिहिलं होतं, राखीव. तिथून माझे भोग सुरू झाले.

पाहुणे येत, दिवा लावत, हार घेत, दोन शब्द म्हणून अर्धा तास बोलत आणि खेळ सुरू होताच मोबाइल कानाला लावून निघून जात. त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाला बसू देत नसत. न जाणो, साहेब परत आले तर! इतकी नाटकं झाली, पण शेवटचा अंक मी कायम एकटीनंच पाहिला.

वर्षातून एक संध्याकाळ स्थानिक कलाकारांना नाट्यगृह फुकट मिळे. मल्हारराव आणि त्यांची मंडळी त्या दिवशी धनगरी ओव्या गात. वर्षभर मेंढ्यांमागं हिंडणारी ही माणसं त्या एका संध्याकाळसाठी शहरात येत. यंदा कार्यक्रमाआधीच सांस्कृतिक विभागाचे प्रमुख आप्पासाहेब माझ्यासमोर उभे राहून त्यांना म्हणाले, "गेल्या वर्षीचे फोटो पाहिले. पहिली रांग रिकामी! प्रतिसादच नाही. यंदाही असंच दिसलं तर ही संध्याकाळ बंद करावी लागेल."

मल्हाररावांचा चेहरा पडला. मला तर संताप आला. रांग रिकामी ठेवणारे हेच की! पण खुर्चीला विचारतो कोण?

आप्पासाहेब दिवा लावून गेले. ओव्या सुरू झाल्या. मागं उभी असलेली मल्हाररावांची आई, सखूबाई, सरळ पुढं आली आणि माझ्यावर बसली. पहारेकरी पुंजाराम धावला.

"मावशी, उठा. ही साहेबांची जागा हाय."

"कुठं हायेत साहेब?"

"गेले."

"मंग माझं लेकरू कुणाकडं बघून गाईल रं?" तिनं मागं वळून हात केला. "या गं बायांनो, इथं लई जागा हाय!"

रांग भरली. फोटो निघाले. माझा मात्र विश्वास बसेना. आता उठेल, मग उठेल. पण डोळे पुसत, माझा हात घट्ट धरून ती शेवटच्या ओवीपर्यंत बसून राहिली. एवढं सुख मला कधी मिळालं नव्हतं.

आठवड्यानं आप्पासाहेब फोटो घेऊन नाट्यगृहात आले. निर्णय ऐकायला मल्हाररावांनाही बोलावून घेतलं होतं. "गर्दी दिसतेय. कार्यक्रम चालू राहील," ते मल्हाररावांना म्हणाले. मग फोटोवर बोट ठेवून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "पण माझ्या जागेवर ही बाई कोण?"

"प्रेक्षक हाय, साहेब," मल्हारराव म्हणाले.

मित्रांनो, माझी मखमल विटली, स्प्रिंगही बोचते. ती दुरुस्त झाली नाही तरी चालेल. पण खेळ सुरू झाल्यावर पुढं रिकामी खुर्ची दिसली, तर ती कुणाची म्हणून विचारत राहू नका. या, बसा. आणि खरं सांगते, तुमच्यावरही माझा पुरता भरवसा नाही. तेव्हा बसलात, तर शेवटपर्यंत बसा.