मानेतला कट् आवाज

मित्रांनो, सातपूरमधल्या एका छोट्या सलूनमधली मी जुनी खुर्ची. लोखंडी पाय, लाल रेक्झिनची गादी आणि वर मान टेकायला एक उशी. माझी सुरुवातीची वर्षं शहरातल्या एका मोठ्या, चकचकीत सलूनमध्ये गेली. तिथे नव्या खुर्च्या आल्या आणि मला मागच्या खोलीत टाकून दिलं. कोंडाजींनी मला तिथून टेम्पोत घालून आणलं, गंज घासून काढला, फाटकी गादी शिवून घेतली आणि आपल्या दुकानात मानाने बसवलं.

कोंडाजी मूळचे चांदवडकडचे. हात फार हलका. कारखान्यातली पाळी सुटली की थकलेले कामगार यायचे. दाढी, मग डोक्याला मालिश आणि सगळ्यात शेवटी मान. एक हात हनुवटीखाली, दुसरा डोक्यामागे धरून कोंडाजी मानेला झटका द्यायचे. कट्! मग दुसऱ्या बाजूला. कट्! गिऱ्हाईक डोळे मिटून म्हणायचं, "वा, कोंडाजी!" त्या आवाजासाठी लोक लांबून यायचे. मलाही त्याचा अभिमान वाटायचा.

अदनान तिथल्याच एका कारखान्यात मशीनवर काम करायचा. वय सव्वीस, व्यसन कसलं नाही, रविवारी क्रिकेट. नुकतंच लग्न झालं होतं.

"चाचा, मान जाम झालीय. जरा जोरात द्या," तो एका संध्याकाळी म्हणाला.

कोंडाजींनी जोरात दिली. अदनान हसत उठला, पण उठताना त्याने माझा हात घट्ट धरला. "गरगरलं थोडं," म्हणाला आणि निघून गेला.

दोन-तीन दिवसांनी तो पुन्हा आला. डोक्याच्या मागे, एकाच बाजूला सारखं ठणकत होतं. "पुन्हा एकदा करून द्या, मोकळं होईल," तो म्हणाला. कोंडाजींनी हनुवटीखाली हात घातला, तोच अदनानला उचकी लागली. एक झाली, दुसरी झाली. थांबेचनात.

"घरून आठवण निघाली वाटतं!" रोजच येऊन बाकावर बसणारा महेश हसला.

कोंडाजींनी हात काढून घेतला. "उचकी जाऊ दे आधी. पाणी पी."

अदनानने ग्लास घेतला, तर हात भलतीकडेच गेला. निम्मं पाणी अंगावर सांडलं. उरलेलं घशाखाली उतरेना, जोराचा ठसका लागला. त्याचं सगळं वजन माझ्या एकाच बाजूला कललं होतं. तो काहीतरी म्हणाला, पण आवाज घोगरा, शब्द जडावलेले.

"सकाळपासून काही खाल्लं नसेल," महेश म्हणाला. "साखरपाणी द्या. जवान पोरगा आहे, होईल ठीक."

कोंडाजी साखर शोधू लागले. मी आतून घाबरले होते. तेवढ्यात अदनानचा फोन वाजला. त्याची बायको रिदा होती. कोंडाजींनी फोन त्याच्या तोंडाजवळ धरला. तो दोन शब्द बोलून ठसकला, तोच पलीकडून ती ओरडली, "यह क्या आवाज है? चाचा, त्यांना काही पाजू नका! आधी रिक्षा करा, मोठ्या हॉस्पिटलला न्या. मी येतेच!"

महेशने आणि कोंडाजींनी त्याला दोन्हीकडून धरून नेलं. त्याचे पाय दारुड्यासारखे पडत होते. शटर अर्धं ओढलेलं राहिलं. समोर वाटीतला साबणाचा फेस वाळत गेला आणि मला कोणीच काही सांगायला नव्हतं.

पुढचं मला कळलं ते दुसऱ्या दिवशी. कोंडाजींच्या पत्नी, ललिताबाई, दुकान झाडत होत्या आणि कोंडाजी माझ्यावर मान खाली घालून बसले होते.

"डॉक्टरनी रिदाला विचारलं, मानेला मार लागला होता का? ती म्हणाली, नाही. मी दारात उभा होतो. पुढं झालो. म्हणालो, साहेब, मी मोडली त्याची मान."

ललिताबाईंच्या हातातला झाडू थांबला.

"तिनं माझ्याकडं असं बघितलं, काय सांगू! डॉक्टर म्हणाले, बरं झालं सांगितलंत. लगेच मानेचाही फोटो काढला. मानेतल्या रक्तवाहिनीला आतून चीर गेलीय. तिथं गुठळी झाली, ती मेंदूकडं गेली. लकवाच हा, पण वेगळा. जवान माणसालाही होतो, क्वचित. कधी झटक्यानं, कधी उगीचच. माझ्यामुळंच झालं का, ते कोणी खात्रीनं सांगत नाही."

"वाचेल ना?" ललिताबाईंनी विचारलं.

"माहीत नाही, बाई."

ते दिवस फार वाईट गेले. कोंडाजी दुकान उघडायचे, पण वस्तरा हातात घ्यायचे नाहीत. रिदा त्यांच्याशी बोलत नव्हती. अदनानला नाकातून नळीने अन्न देत होते, एवढीच बातमी यायची. नळी निघाली, हे महेशने सांगितलं तेव्हा कुठे कोंडाजींनी वस्तरा हातात घेतला.

काही महिन्यांनी अदनान काठी टेकत आला. मागे रिदा. "मी नकोच म्हणत होते," ती म्हणाली, "पण ते दुसरीकडे दाढी करायला तयार नाहीत." ती माझ्या अगदी जवळ उभी राहिली. नजर कोंडाजींच्या बोटांवर.

कोंडाजींनी गरम टॉवेल आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिला. मग विचारलं, "चटका बसतोय का?"

"या बाजूला मला गरम-गार कळत नाही, चाचा," अदनान घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तुम्हीच बघा."

मित्रांनो, हौस म्हणून कोणाला मान मोडू देऊ नका. आणि एखाद्याचं बोलणं अचानक जडावलं, तोल जाऊ लागला, घोट गिळता येईना, तर तो तरुण आहे म्हणून थांबू नका. साखरपाणी शोधू नका. त्याला थेट हॉस्पिटलला न्या आणि काय घडलं ते सगळं खरं सांगा. आजही गिऱ्हाईक म्हणतं, "कोंडाजी, मान तेवढी मोडा." कोंडाजी "नाही" म्हणतात. गिऱ्हाईक रागावून उठतं, समोरच्या दुकानात जातं, आणि मी तिकडच्या 'कट्'कडे कान देऊन बसते.