आंब्याला चार पाय

आमच्या शेजारच्या पार्वताबाईंच्या म्हशीचं पिल्लू, सव्वा महिन्याची वगार, सोमवारी मेली. अशा वेळी आमच्याकडे मेलेल्या पिल्लाच्या कातड्यात तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, भरून ते म्हशीपुढे उभं करतात. पिल्लू जवळ आहे असं वाटून ती पान्हा सोडते. पण पार्वताबाईंच्या मुलाने, अतुलने, वगार कातड्यासकट पुरून टाकली. म्हैस थेंबभर दूध देईना. "शनिवारपर्यंत दूध नाही देलं तं विकतो," असं सांगून तो राइस मिलवर निघून गेला.

मंगळवारी पार्वताबाई नात दीप्तीला घेऊन माझ्याकडे आल्या. दीप्तीच्या हातात मोबाईल होता.

"गुरुजी, मले चित्र काढाले शिकाचं हाये. वगारीचं. कातडं नाही, तं चित्र उभं करीन," पार्वताबाई म्हणाल्या.

शिकायचं आहे म्हणणाऱ्याला कशाला, असं मी शाळेत कधी विचारलं नाही. आम्ही व्हिडिओ निवडायला बसलो.

पार्वताबाईंनी आजवर सात म्हशी पारखून घेतल्या होत्या. निवडायची दुसरी रीत त्यांना ठाऊक नव्हती.

पहिल्या व्हिडिओत एकजण डोंगर रंगवत होता.

"याचे दात दिसून नाही राहिले."

"आजी, दाढी हाये त्याले," दीप्ती म्हणाली.

"दात पाह्यल्याबिगर कसा घ्याचा? पुढचा लाव."

पुढच्यात नुसते दोन हात गाण्याच्या तालावर भराभर फिरत होते. "हा बिचकते," पार्वताबाई म्हणाल्या. "अन् धड कुठी हाये याचं?"

अकराव्या व्हिडिओत एक म्हातारे गृहस्थ आंबा काढत होते. बेचाळीस मिनिटं, एकच आंबा. मध्येच त्यांनी ऐसपैस जांभई दिली.

"थांबव." पार्वताबाईंनी चष्मा लावून पडद्यात डोकावलं. "दात जुळले हायेत. सोभावानं गरीब. हाच घेऊ."

"पण बाई, हे फक्त आंबा शिकवतात."

"आंब्याले पाय लावता येतेत जी."

त्यांनी धानाचं रिकामं पोतं खाटेच्या चौकटीवर ताणलं. हळद आणि काजळी कालवली. आंबा तिसऱ्या दिवशी जमला. चौथ्या दिवशी त्याला चार पाय आणि दोन कान आले.

"वगार काळी होती ना?" मी हळूच विचारलं.

"मास्तरानं पिवळा सांगतला. तुमच्या शाळेत पोरं तुमचं आयकत का बापाचं?"

"माझं."

"मंग."

शनिवारी सकाळी अतुल दोर घेऊन आला. पार्वताबाईंनी चित्र म्हशीपुढे उभं केलं. म्हशीने पाहिलं आणि तोंड फिरवलं. अतुलने तिचा खुंट्याचा दोर सोडवायला घेतला.

एका कानाचा रंग ओघळला होता. तो कसा सावरायचा ते पाहायला दीप्तीने घाईने व्हिडिओ लावला. म्हातारे गृहस्थ म्हणाले, "घाई नाही, सावकाश," आणि त्यांनी जांभई दिली. म्हैस वळली. तिने लांब जीभ काढली आणि त्यांना कपाळापासून हनुवटीपर्यंत चाटलं. मग पुन्हा चाटलं.

"बादली आण," पार्वताबाई म्हणाल्या.

आता रोज पहाटे अतुल चार्ज केलेला मोबाईल म्हशीपुढे धरून बेचाळीस मिनिटं उभा असतो. धार दीप्तीची आई काढते. पार्वताबाई शेजारीच पोत्यावर वांगं काढत बसतात. तो दुसरा धडा आहे.

"नुसत्या जांभईवर म्हस पान्हवते, गुरुजी," अतुल परवा मला म्हणाला. "कायले, सांगा?"

"कायले म्हंजे?" पार्वताबाई मान वर न करता म्हणाल्या. "दात पाहून घेतला होता मी."