देवाची चाल आणि गरम पाणी

मी एक चाल बोलतेय. गाण्याची चाल. मला ना हात, ना पाय. कुणी गुणगुणलं की मी असते, थांबलं की नसते.

माझा जन्म इस्त्रीच्या दुकानातला. बायकोची थट्टा केल्याशिवाय इस्त्रीवाल्याला काम सुचत नसे. ती चहा घेऊन आली की तो इस्त्री सरकवत गायचा, "आली आली माझी राणी, चहात नुसतं गरम पाणी!"

"इश्श! गिऱ्हाईक ऐकतंय ना," ती म्हणायची. पण कप ठेवून जायला मुद्दाम वेळ लावायची.

त्याची बहीण प्रार्थनागृहात गायची. एका प्रार्थनेला काही केल्या चाल मिळेना, तेव्हा तिनं भावाला न विचारताच मला उचललं. शब्द झाले, "आलो आलो तुझ्या दारी, तूच आता आम्हां तारी." मी जरा संथ झाले, एवढंच. सूर तेच होते. लोक मात्र डोळे मिटून डोलायला लागले.

पुढे कधीतरी प्रार्थनागृहाचे अध्यक्ष कपडे न्यायला आले, ते दुकानाच्या दारातच थबकले. "अरे, लाज वाटते का? देवाच्या चालीवर असला चावटपणा?"

"अहो, चाल माझीच आहे!" इस्त्रीवाला हसला. अध्यक्षांनी ते कानाआड केलं.

बायको मात्र घाबरली. "पाप लागेल हो. पुन्हा नका म्हणू."

त्यानं गाणं सोडलं. चहा यायचा, कप ठेवला जायचा आणि ती लगेच आत वळायची. दुकानात नुसती वाफेची फुसफुस. दोघांनाही ते सोसत नव्हतं.

बहिणीला राहवेना. "वहिनी, आधी दादाचीच होती गं. मीच उचलली."

"असेल. पण आता देवाला दिली ना? दिलेलं कुणी परत मागतं का?"

एका सकाळी प्रार्थनेत सगळे मला गात होते आणि इस्त्रीवाल्याची बायको तोंडावर हात दाबून हसू आवरत होती. हसता हसता रडायलाच लागली. शेजारच्या बायकांना वाटलं, केवढी ही भक्ती!

घरी येऊन तिनं चहाचा कप त्याच्यापुढे आदळला. "देवापुढे उभी राहते नि कानात तुमचं गरम पाणी! इथं एकदाचं म्हणून टाका बघू. म्हणजे तिथं मला धड प्रार्थना तरी करता येईल."

त्यानं घसा खाकरला. सवय मोडलेली, पहिली ओळ बेसूरच लागली बिचाऱ्याची. ती हलली नाही तिथून.

आता मी दोन्हीकडे असते. त्यातली पवित्र कुठली, हे मला विचारू नका. मला ठाऊक नाही आणि त्याचं काही वाटतही नाही. तुम्ही फक्त गात राहा, बाबांनो. माझं पोट तेवढ्यावरच आहे.