जावयाची बंदूक

ज्या माणसाने माझ्या मुलीचं लग्न मोडलं, तोच माणूस माझ्या काउंटरवर कोपर टेकून मला विचारत होता, "सुरैय्या भाभी, पाखरांच्या शिकारीला बंदूक कुठली बरी?" आता बोला. लाज कोळून प्यायलेली माणसं असतात म्हणतात, ती अशी.

मी अबू धाबीतल्या एका शूटिंग क्लबमध्ये काम करते. लोक येतात, हवेत उडणाऱ्या मातीच्या थाळ्या फोडतात, फोटो काढतात आणि जातात. कुणाच्या खांद्याला कुठली बंदूक बसेल, काडतूस कुठलं द्यायचं, हे मी बघते. मूळची म्हसळ्याची, पण संसार सगळा मोहम्मद बिन झायद सिटीत. नवरा यूनुस, आणि एकच मुलगी, सबा. सबा अल रीम आयलंडवर एका ऑफिसात आहे. इथेच वाढलेली, त्यामुळे मी मराठीत बोलायचं आणि तिने इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा रिवाज.

तो माणूस म्हणजे उमर, श्रीवर्धनचा. इथल्या आमच्या कोकणी जमातीत त्याचा शब्द चालतो, निदान त्याला तसं वाटतं. त्याच्या मुलाशी, वासिफशी, सबाची मंगनी झाली होती. हॉल बुक झाला होता, कार्डं वाटून झाली होती. आणि उमरने फोन केला, तोही मला नाही, यूनुसला. म्हणाला, ज्या घरची बाई परक्या पुरुषांच्या खांद्याला बंदुका लावून देते, त्या घरची मुलगी आम्हाला नको. एवढ्यावर थांबला असता तरी मी गिळलं असतं. पण नंतर तो जमातीत सांगत सुटला की मुलगीसुद्धा क्लबवर पोरांबरोबर दिसते, आम्ही वेळेत सावध झालो.

क्लबवर ती एकाच पोराबरोबर दिसली होती, आणि ते पोर म्हणजे वासिफ. मंगनीनंतर तो दर शुक्रवारी यायचा. मी स्वतः त्याला बंदूक धरायला शिकवली, घरी नेऊन जेवायला घातलं. बाप जेव्हा असलं काहीबाही बोलत होता, तेव्हा हा एका शब्दाने बोलला नाही. सबा फोन उशाशी घेऊन झोपायची, त्याचा मेसेज येईल म्हणून. आला नाही. मला तेव्हा तो बिचारा वाटायचा. अशा बापापुढे कोण तोंड उघडणार, असं मी सबाला समजावत होते.

त्यानंतर सबाला तीन-चार स्थळं आली. प्रत्येकाने आडून आडून विचारलं, आधीचं का मोडलं, आणि प्रत्येकाचा फोन तिथेच बंद झाला. पोरगी लग्नकार्याला जायची बंद झाली. हसायची ती पण बंद झाली. यूनुस म्हणायचा, "सोड गं, अल्ला बघून घेईल." मी म्हणायचे, "अल्ला बघेलच. पण मलाही बघायचंय." मला एवढंच हवं होतं, की उमरची मान चार माणसांत खाली जावी आणि ते मला कळावं. बाकी काही मागणं नव्हतं.

आणि तो स्वतःच्या पायाने आला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात ना, तसं. सोबत वासिफ. त्याची नजर जमिनीवर.

"जुनं सगळं विसरायचं, भाभी," उमर म्हणाला, "आपण एकाच मातीतली माणसं." मग त्याने सगळं सांगितलं. वासिफचं लग्न ठरलं होतं, थेट केपटाऊनला. तिथे आपल्याच लोकांची वस्ती आहे, पणजोबांच्या काळात रत्नागिरीकडून बोटीने गेलेली. मुलगी लायबा. तिच्या आजोबांची मोठी शेती, आणि आजोबांना शिकारीचा भारी शौक. लग्नाआधी होणाऱ्या जावयाला आणि त्याच्या बापाला तितर आणि गिनी कोंबड्या मारायला घेऊन जाणार होते. इथून बंदूक विमानाने न्यायची म्हणजे परवान्यांची कटकट, त्यामुळे बंदुका तिथल्याच. आजोबांकडे कपाट भरून आहेत. त्यांनी फक्त विचारलं होतं, वासिफला कुठली लागेल ते कळवा, काढून साफ करून ठेवतो.

"फार कट्टर म्हातारा आहे," उमर म्हणाला. "घरात सगळं जुन्या पद्धतीने. आपल्या बापजाद्यांच्या वेळचं. तिथे नाक कापलं जायला नको. एका बारात पाखरू खाली आलं पाहिजे. फडफड नको."

फडफड नको म्हणाला आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं.

आमच्याकडे छर्र्याने मेलेलं पाखरू मुरदार. ते खात नाहीत. पाखरू जिवंत हाती लागायला हवं, बिस्मिल्ला म्हणून गळ्यावरून सुरी फिरायला, म्हणजे जबिहा व्हायला हवी, रक्त वाहायला हवं, तरच ते हलाल. म्हणून आमचे जुने शिकारी बंदूक निवडायचे ती पाखराला पाडणारी, मारणारी नाही. हलकं काडतूस, बारीक छर्रे, आणि नळीचं तोंड मोकळं, म्हणजे छर्रे पसरतात, एखाद-दुसरा पंखाला लागतो, पाखरू खाली येतं आणि धावत जाऊन पकडायचं. नळीचं तोंड आवळलेलं असेल, त्याला फुल चोक म्हणतात, तर छर्रे एकगठ्ठा जातात. लांबच्या पाखराला ते ठीक. जवळून उडालेलं पाखरू मात्र जमिनीवर येण्याआधीच मेलेलं असतं.

मी विचारलं. खोटं कशाला बोलू, एकदा विचारलं. "उमरभाई, जबिहाचं काय?"

तो हसला. "भाभी, तीस वर्षं अरबांच्या मजलिसमध्ये बसतोय. चाप ओढताना बिस्मिल्ला म्हटलं की खलास, हलाल. ते सुरीचं वगैरे गावाकडचं."

इथल्या लोकांत तसं मानतात, खरं आहे. पण केपटाऊनचा तो म्हातारा या लोकांतला नव्हता. तो आमच्यातला होता, आणि आमच्यापेक्षा जास्त आमच्यातला होता, कारण त्याच्या घराण्याने समुद्र ओलांडताना जे बरोबर नेलं ते तसंच जपून ठेवलं होतं. हे मला दिसत होतं आणि उमरला दिसत नव्हतं. मी तोंड मिटलं.

त्यांना मागच्या रेंजवर नेलं. दोन पुठ्ठे लावले. पहिल्यावर मोकळ्या तोंडाच्या, बारीक नळीच्या ट्वेंटी बोअरने वासिफकडून बार काढवला. पुठ्ठाभर बारीक भोकं, विखुरलेली. उमरने तोंड वाकडं केलं. दुसऱ्यावर जाड नळीची ट्वेल्व्ह बोअर, फुल चोक, जड काडतूस. पुठ्ठ्याच्या मध्यभागी माझी मूठ जाईल एवढं भगदाड.

"हे," उमर म्हणाला. "हे काम. मर्दाची बंदूक."

"वा, पारख आहे तुम्हाला," मी म्हटलं.

मग मी त्या दिवशी जसं काम केलं तसं आयुष्यात केलं नसेल. नेम चुकून चालणार नव्हता ना. पाखरं मरायला हवी होती. वासिफच्या खांद्यापासून बोटापर्यंतचं माप घेतलं, बंदुकीचा लाकडी दस्ता गालाला कुठे टेकतो ते बघितलं, डोळा नळीच्या रेघेत येईपर्यंत त्याला पुन्हा पुन्हा बंदूक उचलायला लावली. शेवटी शेवटी तो एकही थाळी सोडत नव्हता. उमर टाळ्या वाजवत होता.

निघताना वासिफ मागे रेंगाळला. हळूच म्हणाला, "चाची, ही बरोबर आहे ना?"

"अगदी बरोबर," मी म्हटलं. "तुला हीच शोभते."

उमरने माझ्यासमोरच केपटाऊनला व्हॉइस मेसेज पाठवला. ट्वेल्व्ह बोअर, फुल चोक, जड काडतुसं. मी मध्ये एक शब्दसुद्धा दुरुस्त करून दिला.

पुढचं मला खतीजाने सांगितलं. खतीजा माझी मावसबहीण, दुबईत देऱ्याला राहते, आणि जगातली कुठलीही बातमी आधी देऱ्याला येते. तिने फोनवर आधी पोटभर हसून घेतलं.

झालं असं. शिकारीला बापलेक निघाले, आजोबांचे गुडघे दुखत होते म्हणून ते गाडीपाशी थांबले. पाखरं गोळा करायला लायबा स्वतः बरोबर गेली होती, लहानपणापासूनची तिची सवय. पाखरं पायाजवळून उडत होती आणि वासिफ एकेक पाडत होता. उमरची छाती फुगलेली. घरी येऊन त्याने पाखरांची रास स्वयंपाकघरात मांडली आणि म्हणाला, आज आमच्याकडून दावत. आजोबांनी एकच विचारलं, "सगळी जिवंत सापडली?"

उमरला तेव्हा कळलं की म्हातारा सुरीबद्दल विचारतोय. तिथे तो म्हणू शकला असता, चूक झाली, आम्ही दुसऱ्या पद्धतीने केलं. माणूस चुकतो. पण उमर आणि चूक? तो म्हणाला, "हो, सगळी. मी स्वतः जबिहा केली."

लायबा दारातच उभी होती. आजोबांना म्हणाली, "दादा, एकही जिवंत नव्हतं. मी उचललीत."

आजोबा वासिफकडे वळले. "तू सांग, बेटा."

आणि वासिफ गप्प बसला.

आजोबांनी आवाज चढवला नाही म्हणे. पाखरं उचलून कुत्र्यांना घालायला लावली आणि म्हणाले, जो बाप माझ्या घरात मला मुरदार खायला घालतो आणि जो मुलगा ते बघत बसतो, त्यांना मी नात देणार नाही. दुसऱ्या दिवशी दोघं परतीच्या विमानात. जमातीत उमर तोंड लपवून फिरत होता. जुम्म्यानंतर लोक त्याला मुद्दाम विचारायचे, काय मग, शिकार कशी झाली?

मला काय वाटलं सांगू? मला गार वाटलं. कित्येक महिन्यांनी मी सांदणं केली, यूनुसने विचारलं आज काय आहे, मी म्हटलं काही नाही, खा. मी एकटीच हसत होते. देवाशप्पथ म्हणणार नाही, पण खरंच सांगते, इतकी शांत झोप मला कधी लागली नव्हती.

मग एका दुपारी वासिफ आला. एकटा.

मला वाटलं भांडायला आलाय. मी तयारीतच होते. तो म्हणाला, "चाची, थँक्यू."

"कशाबद्दल?"

"बंदुकीबद्दल. मला त्याच दिवशी कळलं होतं तुम्ही काय करताय ते. तुम्हीच तर मला शिकवलं होतं, मोकळं तोंड, हलकं काडतूस, सुरी खिशात."

माझ्या हातातलं काडतुसांचं खोकं मी खाली ठेवलं. "मग बापाला का नाही बोललास?"

"मला ते लग्न करायचंच नव्हतं. अब्बांपुढे बोलायची हिंमत नव्हती. म्हटलं, तुम्ही करताय तर होऊ दे." आणि वर निर्लज्जासारखा हसला. "आता अब्बा नरमलेत. मी म्हटलं तर सबासाठी पुन्हा पैगाम घेऊन येतील. मी सबाला मेसेजसुद्धा केलाय."

माझं रक्त असं उसळलं की काय सांगू. वाहत्या गंगेत हात धुऊन घेणारा हा, आणि मी इतके दिवस बापाच्या नावाने बोटं मोडत होते. बाप निदान तोंडाने वाईट होता. याने एकदा माझ्या पोरीला गप्प बसून बुडवलं होतं, आणि आता त्या परक्या पोरीला गप्प बसून बुडवून आला होता. मी म्हटलं, "यल्ला, चालता हो. परत या काउंटरवर दिसलास तर क्लबची सिक्युरिटी बोलावीन." तो गेला.

घरी आले तेव्हा सबा ऑफिसच्या कपड्यांतच सोफ्यावर बसली होती, फोन हातात. मी म्हटलं, त्या वासिफला ब्लॉक कर. ती म्हणाली, "डन." मला बरं वाटलं. मग तिने विचारलं, "ममा, डिड यू नो? अबाउट द गन?"

मला सांगायचंच होतं. किती दिवस पोटात धरून ठेवलं होतं. मी तिच्याशेजारी बसले आणि सगळं सांगितलं, पुठ्ठे, भगदाड, व्हॉइस मेसेज, मी दुरुस्त केलेला शब्द. मला वाटलं ती हसेल. आता तरी हसेल.

"अँड लायबा?" ती म्हणाली.

"तिचं काय?"

"हर कार्ड्स वेअर आउट, ममा. एव्हरीवन इज आस्किंग हर व्हॉट हॅपन्ड."

"सुटली ती. असल्या घरात पडण्यापेक्षा बरं."

"दॅट्स व्हॉट पीपल टोल्ड मी." ती माझ्याकडे बघत नव्हती. "यू कुड हॅव जस्ट टोल्ड देम. अंकल, वासिफ, एनीबडी. यू केप्ट क्वायट."

मला राग आला. खरंच आला. ज्या पोरीसाठी मी एवढं केलं, तीच मला उलट विचारते. मी म्हटलं, "अगं, मी कुणासाठी केलं? तुझ्यासाठीच केलं ना?"

सबाने फोन माझ्यापुढे धरला. वासिफचा मेसेज उघडा होता, ब्लॉक करण्याआधीचा. त्यात त्यानेही तेच लिहिलं होतं, मी हे तुझ्यासाठीच केलं.